शेजारच्या खुर्चीतला माणूस

माहितीपट दाखवायचा ठरला की पहिला प्रश्न येतो खुर्च्या किती मांडायच्या हा. जास्त मांडल्या तर रिकाम्या खुर्च्या डोळ्यांत भरतात आणि आलेल्यांना उगाच अवघडल्यासारखं होतं. कमी मांडल्या तर उशिरा येणारा दारातच घुटमळतो आणि आल्या पावली परत जातो. कृष्णाकाठच्या आमच्या गावात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक सभागृह आहे. तिथे आम्ही काही मंडळी बऱ्याच वर्षांपासून महिन्यातून एकदा माहितीपट, लघुपट आणि गावातल्या टॉकीजपर्यंत कधीच न पोचणारे स्वतंत्र चित्रपट दाखवत आलो आहोत. किती माणसं येतील याचा अंदाज अजूनही बांधता येत नाही. कोण येईल याचा मात्र बांधता येतो, आणि हल्ली मला विचार पडतो तो त्याचा.

येणारे बहुतेक ओळखीचे असतात. निवृत्त शिक्षक, बँकेच्या नोकरीतून मोकळे झालेले दोघेतिघे, एक डॉक्टरबाई, एकांकिकेच्या तालमीतून थेट जिना चढून येणारी कॉलेजची मुलंमुली, पहिल्या रांगेत बसून न चुकता डुलकी काढणारे एक आजोबा. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि त्यावर लिहिणारे पी. साईनाथ यांच्याविषयीचा दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ आम्ही दाखवला, तेव्हा हीच माणसं होती. फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ दाखवला, तेव्हाही हीच. पडद्यावर कर्जात बुडालेला शेतकरी, यंत्रमागावर राबणारा आणि सुट्टीच्या दिवशी सुपरमॅनचा पोशाख चढवणारा मालेगावचा तरुण. समोर मात्र पेन्शन वेळेवर मिळणारे आम्ही. आम्ही मन लावून पाहतो, हळहळतो, चांगले प्रश्नही विचारतो. तरी घरी जाताना वाटत राहतं की ज्यांच्याविषयी बोलणं झालं ते या खोलीत नव्हते. ते असते तर बोलणं असंच झालं असतं का?

हा प्रश्न सिनेमाच्या गुणवत्तेचा नाही. चित्रपट तोच राहतो, पण तो कोणाशेजारी बसून पाहिला यावर त्यातून हाती काय लागतं ते बरंच ठरतं, असं माझं आता मत झालं आहे. एरवी आज चित्रपट मिळण्याची अडचण राहिलेली नाही. फिल्म्स डिव्हिजनचे कितीतरी जुने माहितीपट यूट्यूबवर फुकट पाहता येतात. नवे काही ओटीटीवर सापडतात, बाकीच्यांची लिंक दिग्दर्शकाला पत्र टाकलं तर बहुधा मिळते. मग जिने चढून, प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसून पाहायचं कशाला, असं आमच्याच घरातली मुलं विचारतात. याचं उत्तर शोधताना मला मागे जावं लागतं, कारण आपल्याकडे माहितीपटाला प्रेक्षक मिळाला तो चमत्कारिक वाटांनी.

कॅमेरा आपल्याकडे आला तो आधी समोर घडतंय ते टिपायला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा. त्याच्या १४ वर्षं आधी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली होती. १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचं स्वागतही त्यांनी टिपलं. खुद्द फाळक्यांनी कथापटासाठी भांडवल उभं करायचं म्हणून आधी काय केलं, तर वाटाण्याच्या दाण्याला कोंब फुटून त्याचं रोप कसं होतं ते रोज थोडं थोडं चित्रित केलं आणि ती छोटीशी फिल्म लोकांना दाखवली. जे एरवी डोळ्यांना दिसत नाही ते पडद्यावर दिसलं की माणूस थक्क होतो, हे त्यांना ठाऊक होतं. माहितीपटाचं मूळ भांडवल हे थक्क होणंच आहे.

मग माहितीपट म्हणजे कंटाळा, हे आपल्या डोक्यात बसलं कसं? १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि देशातल्या चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाआधी सरकारमान्य वार्तापट आणि माहितीपट दाखवणं बंधनकारक होतं. माझ्या पिढीला ते आठवतं. धरणं, पूर, कुटुंबनियोजन, भारदस्त निवेदन, आणि त्या वेळात शेंगदाण्याची पुडी घेऊन जागा शोधणारे लोक. वास्तविक त्या संस्थेतही धाडसी काम करणारे होते. एस. एन. एस. शास्त्री यांचा १९६७ सालचा ‘आय अॅम ट्वेंटी’ आजही पाहावा. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या, विशीतल्या मुलामुलींना त्यांनी देशाबद्दल काय वाटतं ते विचारलं आणि मिळालेली उत्तरं त्यातल्या तिरकसपणासह तशीच ठेवली. पण सक्तीच्या प्रेक्षकाला त्याचं काय! त्याने तिकीट काढलं होतं ते राजेंद्रकुमारसाठी. गंमत म्हणजे तो प्रेक्षक खऱ्या अर्थाने सगळा गाव होता. पुढच्या बाकावर हमाल, बाल्कनीत वकील. सगळे एका छताखाली होते आणि कोणाचंच लक्ष नव्हतं.

दुसरी वाट फिल्म सोसायट्यांची. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९५९ मध्ये अशा सोसायट्यांचा महासंघ झाला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. या साऱ्यात आपल्या विजया मुळे यांचा मोठा वाटा. पाटण्यात आणि दिल्लीत फिल्म सोसायटी रुजवण्यात त्या पुढे होत्या. पुढे दूरदर्शनवर लहान मुलांच्या तोंडी बसलेला ‘एक अनेक और एकता’ हा अॅनिमेशनपट त्यांचाच. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं आणि सुधीर नांदगावकरांनी पुढची कित्येक वर्षं मराठी माणसाला जगभरचा सिनेमा पाहायची सवय लावली. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होतं. तिथल्या रसास्वाद शिबिरांतून परतलेली माणसं आपापल्या गावी जाऊन चित्रपट मंडळं काढत. आमच्या मंडळातले दोन ज्येष्ठ सभासद असेच तिथून काहीतरी डोक्यात घेऊन आलेले.

सोसायट्यांचा प्रेक्षक आपणहून येणारा होता. वकिलातींकडून मिळालेल्या सोळा मिलिमीटरच्या प्रती, रीळ बदलताना लागणारे दिवे, मग चर्चा. सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरमधून सवलत असे, त्यामुळे सत्तरच्या दशकात सभासदसंख्या फुगली ती केवळ कलेच्या ओढीने, असं तेव्हाची मंडळीही छातीठोकपणे म्हणत नाहीत. तरीही एकाग्रतेने पाहायची आणि पाहिल्यावर बोलायची रीत आपल्याला दिली ती त्यांनीच. मर्यादा एकच, वर्तुळ लहान होतं. सभासद शुल्क, इंग्रजी उपशीर्षकं, शहरातलं सभागृह आणि संध्याकाळची मोकळी वेळ, या चार गोष्टी ज्याच्याकडे, तोच आत. सक्तीच्या माहितीपटाला सगळे होते पण लक्ष नव्हतं. सोसायटीत लक्ष होतं, पण सगळे नव्हते.

या दोन्हींच्या पलीकडे काही लोक गेले. केरळमध्ये जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा या गटाने ऐंशीच्या दशकात गावोगाव फिरून चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवला, लोकांकडून पैसे गोळा केले आणि त्यातून १९८६ चा ‘अम्मा अरियान’ उभा केला. गोरखपूरमध्ये २००६ पासून भरणारा ‘प्रतिरोध का सिनेमा’ प्रायोजक न घेता, प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालत आला. मुंबईत २००४ साली वेगळंच नाट्य घडलं. माहितीपटांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली होती. परदेशी चित्रपटांना ती नव्हती. चित्रपटकर्त्यांनी एकत्र येऊन विरोध केल्यावर अट मागे घेतली गेली, पण नंतर टोकदार विषयांवरचे कितीतरी चित्रपट निवडीतच गळाले. तेव्हा त्यांनी ‘विकल्प’ नावाने स्वतःचा महोत्सव भरवला. त्याच सुमारास राकेश शर्मा यांच्या ‘फायनल सोल्यूशन’ला आधी प्रमाणपत्र नाकारलं गेलं होतं. त्यांनी सीडी फुकट वाटायला सुरुवात केली, अट एवढीच की घेणाऱ्याने त्याच्या आणखी पाच प्रती काढून वाटायच्या. ‘विकल्प’मधून पुढे जुहूच्या पृथ्वी हाऊसमध्ये दरमहा होणारे खेळ निघाले. प्रवेश विनामूल्य, आणि नंतर दिग्दर्शकाशी गप्पा. मुंबईला कामानिमित्त जाणं झालं की मी तारीख पाहून जात असे. आमच्या वाचनालयातला उपक्रम तसाच असावा ही कल्पना तिथल्या सतरंजीवर बसूनच सुचली.

कल्पना आणणं सोपं, खोली सिनेमायोग्य करणं अवघड. पहिल्या महिन्यांतच समजलं की चित्र थोडं फिकट असलं तरी माणसं चालवून घेतात, आवाज अस्पष्ट असला तर दहा मिनिटांत उठतात. माहितीपटातलं बोलणं स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेलं नसतं. वारा, वाहनं, कोंबड्या, शेजारचं भांडण, या सगळ्यासह ते आलेलं असतं. त्यात आमच्या सभागृहाचं छत पत्र्याचं. शब्द घुमायचे. मागच्या भिंतीवर वाचनालयाच्या जुन्या सतरंज्या टांगल्या तेव्हा घुमणं कमी झालं. उन्हाळ्यात पंख्यांचा पेच असतो: लावले तर ऐकू येत नाही, बंद केले तर बसवत नाही. उपशीर्षकं पडद्याच्या तळाशी येतात आणि मागच्या रांगांना पुढच्यांची डोकी तेवढी दिसतात, म्हणून पडदा वर घ्यावा लागला.

उपशीर्षकांचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. भारतातले बहुसंख्य माहितीपट इंग्रजी उपशीर्षकांसह मिळतात. चित्रपट तमिळ सफाई कामगारांविषयी, पाहणारा आमच्या गावचा सफाई कामगार, आणि मध्ये इंग्रजी. म्हणजे दार उघडं ठेवून उंबरा छातीएवढा करायचा. यावर आम्ही जुनाच उपाय काढला. मूकपटांच्या काळात पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस चित्रपटगृहात असे. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आधी संहिता मागवतात, मराठीत उतरवतात आणि खेळ चालू असताना बाजूला बसून माइकवर हळू आवाजात बोलत जातात. सुरुवातीला काहींना हे खटकलं. सिनेमाचा मूळ आवाज मारला जातो, हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. पण बाई बोलू लागल्यापासून खालच्या गल्लीतल्या बायका येऊ लागल्या.

चहाचंही तसंच. खाली चहा ठेवला की चित्रपट संपल्यावर निम्मे लोक चहा पिऊन तसेच घरी जात. चहा वर आणला तेव्हा माणसं थांबू लागली, आणि आमचा खरा कार्यक्रम तिथून सुरू होतो.

गावातल्या सभागृहांना एक सवय असते. मंच असतो, त्यावर खुर्च्या असतात, अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे असतात. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, सूत्रसंचालकाच्या चारोळ्या, आणि सरतेशेवटी ज्यांच्यामुळे हा कार्यक्रम होऊ शकला त्या सर्वांचे आभार. खाली बसलेल्याला या सगळ्यात टाळ्या सोडून काम नसतं. दिवे लागल्यावर आम्ही खुर्च्या गोल फिरवतो. मंचावर कोणी बसत नाही, दिग्दर्शक आलेला असला तरी तो गोलातच बसतो. पहिले काही महिने तरीही कोणीतरी उभं राहायचं आणि “मी दोनच शब्द बोलतो” म्हणून पंधरा मिनिटं घ्यायचं. मग आम्ही एक साधी सूचना करू लागलो: आधी काय दिसलं ते सांगा, काय वाटलं ते नंतर. याचा परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा झाला. वाटण्याबद्दल शिकलेली माणसं जास्त बोलतात. दिसण्याबद्दल कोणीही बोलू शकतो, आणि ज्याने ते काम हाताने केलं आहे त्याला जास्त दिसलेलं असतं.

अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘साचा’ (२००१) दाखवला तेव्हाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या सोबतीने गिरणगाव दाखवणारा हा चित्रपट. आमच्या भागातली कितीतरी घरं मुंबईच्या गिरण्यांच्या पगारावर उभी राहिली आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर तिथली माणसं हळूहळू गावी परतली. त्यांतले एक काका नातवाबरोबर आले होते. सुर्वे यांच्यावर, पटवर्धनांच्या रंगांवर सुरेख बोलणं चाललं होतं. काकांना विचारलं, काय दिसलं? ते म्हणाले, “सगळं बरोबर आहे, पण खात्याचा आवाज कमी आहे.” सभागृह घुमतं म्हणून आवाज आम्हीच कमी ठेवला होता. मग ते सांगू लागले. साचे, म्हणजे माग, चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, ओठ पाहून आणि हाताच्या खुणांवर काम चाले, घरी आल्यावरही माणसं मोठ्याने बोलत आणि बायका म्हणत, भांडता कशाला? त्यांना संपाबद्दल विचारलं तेव्हा मात्र ते गप्प झाले आणि नातवाकडे बघत म्हणाले, “याच्या बापाची शाळा तेव्हा सुटली.” त्या संध्याकाळी सर्वांत जास्त बोलले ते काका. वाचनालयाच्या मागच्याच आळीत ते राहतात. त्यांना आवाजाविषयी हे सारं माहीत आहे हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. ‘साचा’ मी आधी घरी पाहिला होता आणि मला तो कवी-चित्रकाराचा चित्रपट वाटला होता. आता तो मला त्या काकांचाही वाटतो.

घरी एकट्याने पाहून हे मिळत नाही. चित्रपट गिरणगावाबद्दल सांगतो. सभागृह शेजाऱ्याबद्दल सांगतं. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’च्या वेळी अर्धं सभागृह हसत असताना गावातल्या यंत्रमागवाल्या कुटुंबातल्या दोन मुली हसत नव्हत्या. कोणत्या जागी हसायचं नाही हे त्यांच्यामुळे आम्हाला कळलं, आणि कुठे हसलं तर चालतं हे त्यांना आमच्यामुळे. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) सुमारे तीन तासांचा आहे. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबारात दहा माणसं मेली, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवलं, तिथून सुरू होणारा हा चित्रपट पूर्ण व्हायला १४ वर्षं लागली. पटवर्धनांनी तो वस्त्यावस्त्यांत उघड्यावर दाखवला. आमच्या सभागृहात तो लागला तेव्हा गाणी सुरू झाली की मागच्या दोन रांगा तोंडाने म्हणत होत्या आणि पुढच्या रांगा वळून पाहत होत्या. त्या मागच्या रांगांतली माणसं पहिल्यांदाच वाचनालयाचा जिना चढली होती, आणि हे आम्हाला ती आली तेव्हा समजलं.

मग प्रश्न पडतो की माणसांनी जिना चढण्याची वाट का पाहायची? एका वर्षी आमच्याच जिल्ह्यातल्या एका तरुण मुलीने ऊसतोड मजुरांवर छोटा माहितीपट केला. गावाबाहेर कारखान्याच्या वाटेवर हंगामात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, तिथेच तिने चित्रण केलं होतं. वाचनालयात तो दाखवला. प्रेक्षकांत ऊसवाले शेतकरी बरेच. चर्चा अतिशय संवेदनशील झाली. मुलांच्या शाळेचं काय, बायकांच्या आरोग्याचं काय, शासनाने काय करायला हवं. आपल्याच उसाच्या तोडणीचा दर काय, हे कोणी काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात तोच चित्रपट आम्ही कोप्यांवर नेला. टायरगाडीच्या बाजूला धोतर ताणून बांधलं, शेजारच्या मळ्यातून वीज घेतली. दिवसभर मोळ्या वाहून आलेली माणसं जेवण उरकून जमली. पहिली दहा मिनिटं कोणी ऐकलंच नाही. स्वतःचे बैल ओळखण्यात, एकमेकांच्या चालण्याला हसण्यात गेली. मग पडद्यावर उचलीचा, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांचा, हिशोब आला. एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, किती उचल, खाड्याचे किती कापले. हसणं थांबलं आणि वाद सुरू झाला. आकडा बरोबर की चूक यावर दोन टोळ्यांत चांगलीच जुंपली. संपल्यावर एका मावशींनी त्या मुलीला विचारलं, “हे तू कारखान्यावर दावलंस का?” तिने सांगितलं, वाचनालयात दाखवलं. मावशी म्हणाल्या, “तिथं कोण असतं?”

आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये (१९८५) झोपडी पाडली गेलेली एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच सुनावते, आणि दिग्दर्शकाने ते चित्रपटात ठेवलं आहे. मावशींचा प्रश्न त्याच कुळीतला, आणि तो दिग्दर्शिकेपुरता नव्हता. बघणाऱ्यांची खोली वेगळी आणि दिसणाऱ्यांची वेगळी, असा बंदोबस्त आपण किती सहज करतो! वर्णव्यवस्थेने दिलेल्या सवयी सभागृहाच्या बैठकीतही उतरतात. त्यासाठी कोणी दारावर उभं राहून अडवायची गरज नसते.

तरी दोन्ही खोल्या एक करणं म्हणजे सगळं साधलं, असंही मला आता म्हणवत नाही. त्या रात्री कोप्यांवर उचल देणारा मुकादमही बसला होता. चित्रपटात एक बाई उचलीबद्दल मोकळेपणी बोलली होती. संपल्यावर मुकादम काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दिग्दर्शिकेला शोधत आला आणि म्हणाला, ताई, एवढं आमचं काढून टाका. तिने काढलं. शहरातल्या महोत्सवात त्या बाईचं बोलणं धाडस ठरलं असतं, टाळ्या मिळाल्या असत्या. इथे त्याची किंमत पुढच्या हंगामाच्या उचलीत मोजली जाणार होती. चित्रपट आपल्या माणसांत न्यावा हे खरं, पण त्या माणसांत सत्ता कोणाची आहे हे पाहून न्यावा. तेव्हापासून चित्रपट कुठे आणि कोणासमोर दाखवायचा हे आधी त्यात दिसणाऱ्यांना विचारायचं, असा आमचा नियम झाला. कधी ते नको म्हणतात. मग आम्ही दाखवत नाही.

तोडणीचा दर आमच्या चित्रपटामुळे बदलला नाही. सिनेमामुळे समाज बदलतो असं म्हणणारे मला चित्रपटाकडून फार मागतात असं वाटतं, आणि काहीच होत नाही म्हणणारे फार कमी. पुढच्या वर्षी वाचनालयाच्या वार्षिक सभेत एका ऊसवाल्या सभासदाने उभं राहून आपण दर हंगामात कोप्यांना किती पाणी देतो आणि किती देऊ शकतो याचा विषय काढला. पाणी मिळू लागलं. बाकी जिथल्या तिथे आहे.

या सगळ्याला पैसा लागतो आणि तो प्रायोजकाकडून घ्यायचा नाही हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं, कारण साखर कारखाना, पतसंस्था आणि बांधकाम व्यावसायिक सोडले तर आमच्या गावात प्रायोजक नाहीत, आणि माहितीपटांचे विषय या तिघांपासून फार लांब जात नाहीत. दाराशी डबा असतो. त्यातून दिग्दर्शकाला मानधन जातं. रक्कम लहान असते, पण देतोच. चांगल्या कामासाठी फुकट दाखवा, ही मागणी चांगली माणसंच करतात आणि त्यात चित्रपटकर्त्याची वर्षं बुडतात. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’साठी जत्राजत्रांतून तंबूतल्या टुरिंग टॉकीजच्या मागे कित्येक वर्षं घालवली, २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. तो आम्ही दाखवला तेव्हा गावातले जुने तंबूवाले येऊन बसले. डब्यात त्या दिवशी नोटा जास्त पडल्या. ज्यांचं आयुष्य पडद्यावर आलं होतं त्यांनी ते पाहण्यासाठी आपणहून पैसे टाकले, यात मला आमच्या उपक्रमाचं सर्वांत खरं प्रमाणपत्र दिसतं.

म्हणून आमची बैठक आता वेगळ्या क्रमाने चालते. पूर्वी विषय असे, या महिन्यात कोणता चित्रपट? महोत्सवांच्या याद्या, कोणाला काय आवडलं, कोणता दिग्दर्शक येऊ शकेल. आता त्याआधी कोणीतरी विचारतं की हे ज्याला ठाऊक आहे असा आपल्या गावात कोण आहे, आणि त्याच्याकडे कोण जाणार? नद्यांवरचा चित्रपट असेल तर भोई आळीत जावं लागतं. पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ दाखवायचं ठरलं तेव्हा तालुक्याच्या रुग्णालयातल्या परिचारिकांची रात्रपाळी कधी बदलते ते विचारून खेळाची वेळ ठरवली. हे काम कंटाळवाणं असतं. चहा प्यावा लागतो, नकार ऐकावे लागतात, वेळ पाळूनही माणसं येतीलच असं नसतं. पण फिल्म सोसायट्यांनी आपल्याला कसं पाहायचं ते शिकवलं, आणि त्यांच्यानंतर आलेल्या आमच्यासारख्यांवर आता कोणासोबत पाहायचं याची जबाबदारी आहे. चित्रपट निवडायला चांगली दृष्टी पुरते. प्रेक्षक जमवायला पायपीट करावी लागते, आणि ती कोणत्याही लिंकवर मिळत नाही.